पुढून भरतो तो आपला

लीड्समधल्या मराठी मंडळींना शशिधर तेंडोलकर माहीत होते ते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे गणपतीच्या आरतीतला त्यांचा खडा आवाज. आणि दुसरी म्हणजे नारळाच्या शेंड्या. कुणाकडे सत्यनारायण असो, बारसं असो, नवी गाडी आलेली असो, नारळ फुटला रे फुटला की हा गृहस्थ खोबऱ्याकडे ढुंकूनही न बघता म्हणायचा, "वहिनी, शेंडी टाकून नका हं देऊ. मला हवी आहे."

शेंडीचं हा माणूस करतो तरी काय, हे नव्याने आलेल्या डॉक्टरांच्या बायकांना काही केल्या कळायचं नाही. कुणाला वाटे, भांडी घासत असतील. कुणी म्हणे, कोकणातले आहेत, बाई, त्यांचं काहीतरी असेल, आपण विचारूच नये. खरं काय ते कळलं की मात्र सगळ्यांच्या तोंडाचा आ व्हायचा. शशिधर त्या शेंड्या बंदुकीत ठासायचे.

हो, बंदुकीत! ठासणीच्या बंदुकीत. नळीच्या तोंडातून आधी काळी दारू ओतायची, वर शेंडीचा बोळा, मग शिशाची गोळी, परत बोळा, आणि गजाने सगळं दाबून बसवायचं. मागे घोड्याखाली एक पोकळ टोक असतं, त्याला शशिधरचे वडील बंदुकीचा कान म्हणायचे. त्या कानावर केप बसवायची, म्हणजे तांब्याची इवलीशी टोपी. चाप ओढला की घोडा केपेवर आपटतो, ठिणगी कानातून आत जाते आणि धडाम! मग धुराचा लोट निवला की पुन्हा पहिल्यापासून सगळं. एका बाराला लागणाऱ्या वेळात चहा उकळून, गाळून, पिऊन होईल. आता असल्या कारभारात माणसाला काय आनंद मिळतो, असं विचारणाऱ्याला उत्तर देण्यात अर्थ नाही. ज्याला मिळतो त्याला मिळतो.

शशिधरना मिळायचा, कारण त्यांचं लहानपण त्या वासात गेलं होतं. कुडाळजवळच्या त्यांच्या गावात वडिलांकडे शेतराखणीच्या लायसनवर अशीच एक बंदूक होती. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची, आणि वडील ओटीवरून एक बार काढायचे. बहुतेक वेळा हवेतच. नारळाच्या सोडणाचा काथ्या, दारूची शिंगाची डबी, गज, सगळं ओटीवरच्या खुंटीला टांगलेलं असे. पुढे शशिधर मुंबईला शिकले, एक्स-रेच्या कामात शिरले, सुप्रभाशी लग्न झालं आणि बहात्तर साली लीड्सच्या एका हॉस्पिटलात रेडिओग्राफर म्हणून आले. वडील गेल्याची तार मिळाली तेव्हा तिकडे जाणं जमलं नाही. बंदूक सरकारजमा झाली. ह्या दोन गोष्टींबद्दल ते कधी बोलत नसत, पण दोन्ही त्यांना सारख्याच लागल्या होत्या.

एक्याऐंशी सालच्या एका सोमवारी त्यांच्यासमोर मनगट मोडलेला एक यॉर्कशरचा दणकट गडी येऊन बसला. हॅरल्ड ॲक्रॉइड. शाळेत सुतारकाम शिकवायचा. शशिधरनी त्याचा हात प्लेटवर ठेवला आणि एकदम थांबले. त्या हाताला गंधकाचा वास येत होता. अंगठ्याच्या रेषांत काळं साठलं होतं.

"तुम्ही पुढून भरायची बंदूक चालवता?" त्यांनी विचारलं.

हॅरल्ड मनगटाची कळ विसरला. "तुला रे काय ठाऊक?"

"वासावरून. माझ्या वडिलांच्या हाताला असाच यायचा."

झालं! पुढचा पेशंट बाहेर तिष्ठत राहिला आणि ह्या दोघांची बोळ्याला काथ्या बरा की लोकरीचा नमदा बरा यावर जुंपली. मनगटाचं प्लास्टर सुटल्यावर हॅरल्ड त्यांना आपल्या क्लबात घेऊन गेला. ऑटली गावाच्या पलीकडे बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत दर रविवारी हे लोक जमायचे. सगळे गोरे, सगळे पिकल्या मिशांचे, हातात थर्मास. शशिधरना बघून गप्पा थांबल्या. कुणीतरी हळूच, पण ऐकू जाईल इतपत हळूच, विचारलं की ह्याला कशाला आणलंय. शशिधरचे कान तापले. त्या काळात ह्या देशात असल्या तापलेल्या कानांची सवयच करून घ्यावी लागे. ते मागे वळणार तेवढ्यात हॅरल्ड म्हणाला, "पुढून भरतो ना? पुढून भरतो तो आपला."

एवढंच. भाषण नाही, काही नाही. पण ते वाक्य शशिधरनी जन्मभर जपलं. तोवर ह्या देशात त्यांना लोकांनी कामावर घेतलं होतं, चहा पाजला होता, सहन केलं होतं. आपला म्हटलं नव्हतं.

मग रीतसर पोलिसांचं सर्टिफिकेट आलं, भिंतीत लोखंडी कपाट आलं, आणि लिलावात मिळालेली एक जुनी केपाची बंदूक आली. सुप्रभाने आधी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, लोक इंग्लंडला येऊन गोल्फ खेळतात. तुम्हाला हेच सापडलं का?" पण नवरा सोमवारी सकाळी शीळ घालत कामावर जातो हे दिसल्यावर तिनेच दुकानदाराला मोठ्या शेंडीचे नारळ वेगळे काढून ठेवायला सांगितलं. दोन-तीन वर्षांत क्लबातले मिशाळ म्हातारेही नमदा सोडून शेंडीवर आले. बोळा सुरेख बसतो, म्हणाले.

क्लबाची दिवाळी म्हणजे ऑक्टोबरातलं हरीण. ते लाकडाचं. खऱ्या हरणाच्या शिकारीचे इथले कायदे कडक, तिथे असल्या बंदुकीचं काम नाही. म्हणून हॅरल्डने तरुणपणी प्लायवूडचं एक शिंगाळं हरीण कापलं, रंगवलं आणि खाणीतल्या जुन्या रुळांवर चाकं लावून उभं केलं. दोराने ओढलं की ते उजवीकडून डावीकडे धावत जायचं. माणशी एकच बार. बार फुसका गेला तरी तो तुमचा बार, तक्रार चालायची नाही. आणि ज्याची गोळी हरणाच्या काळजाच्या सर्वांत जवळ लागेल त्याला बक्षीस काय, तर पुढच्या वर्षी दोर ओढायचा! दोरवाल्याचा मान मोठा. हरणाबद्दल वाद झाला आणि मतं सारखी पडली की दोरवाला सांगेल तो नियम.

ब्याण्णव साली तो मान शशिधरना मिळाला. हॅरल्डने त्यांना असं काही उचललं की चष्मा पडला.

आणि नेमका पुढच्याच वर्षी वाद झाला.

त्याचं असं झालं की अमेरिकेत नव्या धर्तीची ठासणी निघाली होती. तिकडे म्हणे कितीतरी राज्यांत ठासणीवाल्यांसाठी हरणाच्या शिकारीचा वेगळा मोसम असतो. तर त्या मोसमात आपली वर्णी लागावी म्हणून लोकांनी बंदूकच बदलून टाकली. भरायची पुढूनच, पण बाकी सगळं आजचं. घोडा आत दडवलेला, ठिणगी सरळ रेषेत, दारू मोजायलाही नको, तयार वड्या टाकायच्या. वर दुर्बीण. तिकडेही जुने लोक ओरडत होतेच, की दुर्बीण लावायची तर मोसम वेगळा मागता कशाला! क्लबातला नील नावाचा तरुण अमेरिकन मासिकांतली ही भांडणं मोठ्याने वाचून दाखवायचा आणि सगळे हसायचे. आपल्याकडे कोण आणतंय असलं खेळणं?

आणलं कुणी? हॅरल्डने!

उन्हाळ्यात एका दिवशी तो ती काळीशार, प्लॅस्टिकच्या दस्त्याची बंदूक घेऊन आला. दुर्बिणीसकट. "मजा म्हणून घेतली," म्हणाला. "ऑक्टोबरात हीच चालवणार."

क्लबात जी खडाजंगी झाली ती काही विचारू नका. नील म्हणाला बंदी घाला. कुणी म्हणालं, हरीण त्याने बनवलं, त्याला कोण अडवणार? सप्टेंबरात मतं घेतली, ती सारखी पडली. सगळ्यांनी दोरवाल्याकडे पाहिलं.

शशिधर म्हणाले, "दुर्बीण नको. नवी बंदूक नको. जसं होतं तसंच."

ते असं का म्हणाले, हे समजून घेतलं पाहिजे. माणूस मनाचा कोता मुळीच नव्हता. पण त्या वर्षी हॉस्पिटलातली त्यांची डार्करूम बंद व्हायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. आता फिल्म धुवायची नाही, सगळं कॉम्प्युटरवर दिसणार. अंधारात, लाल दिव्याखाली, पाण्यातून हाडांचं चित्र हळूहळू वर येताना बघण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. घरी सुप्रभा पुरण मायक्रोवेव्हमधे शिजवायला लागली होती. मुलगी उल्का मराठी बोलायची, पण तिचं मराठी लंगडत चालायचं. ठीक आहे, जग पुढे जातं, त्यांना कळत होतं. पण बाबांच्या हाताचा तो वास, तो धूर, तो उघड्या डोळ्याने धरलेला नेम, तेवढं एक तरी कुणी बदलू नये. तिथे तरी कुणी दुर्बीण आणू नये. आणि ती हॅरल्डनेच आणावी ह्याचा त्यांना मनापासून राग आला होता.

हॅरल्ड नुसतं "ठीक आहे" म्हणाला. दुर्बीण काढून खिशात घातली. पण त्या दिवसापासून तो रविवारी चहाला यायचा थांबला. क्लबात भेटला तर सरळ बघायचाच नाही. मान जराशी वळवून, तिरक्या नजरेने बघायचा, परक्याकडे बघावं तसं. शशिधरना ते फार झोंबलं. बारा वर्षांची दोस्ती, आणि एका दुर्बिणीपायी हा माणूस माझ्याकडे सरळ बघत नाही? बघू नकोस जा! असं ते मनात म्हणायचे, आणि मग रात्रीच्या जेवणात त्यांचं लक्ष नसायचं.

त्याच सुमारास शशिधरची आई लीड्सला आली. रंभाबाई. पंचाहत्तरीच्या, काटक, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेल्या. आल्या दिवशीच त्यांनी भिंतीतलं लोखंडी कपाट उघडायला लावलं, बंदूक हातात घेऊन वजन पाहिलं, आणि म्हणाल्या, "बरी आसा. तुज्या बापाशीची जड होती." मग पदराने तिचा दस्ता पुसत बराच वेळ बसल्या. शशिधरना तिथून उठून जावं लागलं, नाहीतर रडूच आलं असतं.

आणि आली खंडेनवमी. त्र्याण्णवचा दसरा रविवारी होता, म्हणजे क्लबाचं हरीण नेमकं दसऱ्याच्या दिवशी. शनिवारी रंभाबाईंनी घरातली जी जी वस्तू राबते तिची पूजा मांडली. शिलाई मशीन, केर ओढायचा हूवर, गाडी, सुप्रभाचा मिक्सर. "बाबा, आजी मायक्रोवेव्हला पण कुंकू लावला!" उल्का ओरडत आली. सगळ्यांच्या मधोमध पाटावर बंदूक. तिला तेलाचं बोट, झेंडू मिळाला नाही म्हणून पिवळी शेवंती, नळीला हळदीकुंकवाची बोटं. आणि शेवटी रंभाबाईंनी हात जोडून तिच्या कानावर ओल्या कुंकवातल्या अक्षता वाहिल्या. नवरा तसंच करायचा म्हणून.

जेवताना शशिधरनी दुर्बिणीची हकिकत आईला सांगितली. तिने शाबासकी द्यावी ही मनातली इच्छा. ती देईना. भाताला ताक घालत म्हणाली, "तुज्या बापाशीन केपाची बंदूक हाडल्यान, तेवा काय झाला म्हायत आसा? तेच्या आदी आपल्याकडे तोड्याची होती. सुंभ पेटवून लावूचो. तुजो आजो म्हणाक लागलो, केप म्हणजे पोरांचो खेळ! त्या वर्सा नवमीक ती बंदूक पाटार ठेवूक दिल्यान नाय. बापाशीन ती पडवीत ठेवून एकट्यान पूजा केल्यान."

"ते वेगळं गं, आई," शशिधर म्हणाले.

"वेगळा काय तां माका सांग."

शशिधरनी ताकाचं भांडं आपल्याकडे ओढलं. मग रंभाबाई उठता उठता म्हणाल्या, "आणि एक ध्यानात ठेव. पूजेनंतरचो पयलो बार पोकळ काढू नको. भरलेलोच काढ. बापूस तुजो तसाच करी."

आता ठासणीच्या बंदुकीची एक साधी शिस्त असते. भरण्याआधी नुसती केप लावून एकदा घोडा पाडायचा. कानात काही अडकलं असेल तर उडून जातं. क्लबात तर त्यावाचून कुणी दारूला हात लावत नाही. पण पूजेनंतरचा पहिला बार पोकळ नको, असं आईने सांगितलेलं! आई हजारो मैलांवरून आलेली, बाबांचं नाव घेऊन सांगितलेलं. शशिधरनी मनाशी ठरवलं, उद्या नाही काढायची रिकामी केप. एका दिवसाने काय होतंय?

रविवारी इथल्या हिवाळी वेळेप्रमाणे घड्याळं एक तास मागे गेली होती, त्यामुळे सगळे वेळेआधी हजर. आकाश स्वच्छ, गार वारा, खाणीच्या कडेचे बर्च पिवळेधमक. रंभाबाई स्वेटर, शाल, कानटोपी असा सगळा सरंजाम घालून घडीच्या खुर्चीवर बसल्या. बाजूला उल्का, आजीला चहा ओतून देत. क्लबाच्या म्हाताऱ्यांनी त्यांना टोप्या काढून नमस्कार केला.

हॅरल्ड आला होता. भाग घ्यायला नव्हे. दरवर्षीसारखं हरीण रुळांवर चढवलं, चाकांना ग्रीस लावलं, आणि लांब ओंडक्यावर बसून राहिला. ती नवी बंदूक पिशवीत तशीच बांधलेली बाजूला. सवयीने आणली असेल. शशिधरनी त्याला हात केला. त्याने मान वळवून तिरकं पाहिलं, हात काही केला नाही.

एकेकाचे बार झाले. शशिधर दोर ओढत होते. शेवटी त्यांची पाळी आली तेव्हा दोर नीलने घेतला. शशिधरनी दारू ओतली, शेंडीचा बोळा, गोळी, बोळा, गज. केप लावली. आईकडे एकदा पाहिलं. ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती.

हरीण निघालं. शशिधरनी उघड्या डोळ्याने नेम धरला, बाबांसारखाच, आणि चाप ओढला.

टक्.

नुसतं टक्! केप वाजली आणि आत काहीच नाही. हरीण डौलात पलीकडे निघून गेलं.

नियमाप्रमाणे शशिधर बंदूक समोर धरून उभे राहिले, दारू उशिरा पेटते कधी कधी. नाही पेटली. दुसरी केप लावली, समोरच्या मातीत नेम धरून. टक्. तिसरी. टक्. कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं. दोरवाल्याचा बार फुसका! आईसमोर, मुलीसमोर, सगळ्या क्लबासमोर. परंपरेचा एवढा कैवार घेऊन हा निकाल. त्यांनी घाईघाईने कान काढायची किल्ली लावली, तर ती बसेना.

"आण इकडे," मागून आवाज आला. हॅरल्ड उठून आला होता. त्याने बंदूक घेतली, तोंड खाणीकडेच ठेवून गुडघ्यावर टेकली, आणि किल्ली लावली. बघत मात्र होता भलतीकडेच, दूर झाडांकडे. बोटंच सगळं करत होती. कान निघाला. त्याने तारेने आतलं काहीतरी कोरून तळहातावर घेतलं, अंगठ्याने चाचपलं, आणि हात शशिधरपुढे केला.

"काय आहे रे हे, शशी? बोटाला लागतंय. मला दिसत नाही."

तळहातावर लालभडक कुंकवात माखलेली तांदळाची कणी होती. गोऱ्या तळहातावर लाल कुंकू, भर उन्हात, हातभर अंतरावर. लहान पोराला दिसलं असतं.

शशिधर कणीकडे बघत नव्हते. ते हॅरल्डच्या डोळ्यांकडे बघत होते. मान पुन्हा तशीच वळलेली, नजर तिरकी. आणि एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. अरे देवा! वीस वर्षं हॉस्पिटलात काढली मी. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग जातो ती माणसं अशीच बघतात. मधोमध काळा डाग, म्हणून कडेने बघतात. हा माझ्यावर रुसला नव्हता. हा मला बघायचा प्रयत्न करत होता!

"किती दिवस झाले?" त्यांनी हळू विचारलं.

"दोन वर्षं होतील. आधी एक डोळा, ह्या उन्हाळ्यात दुसरा. सप्टेंबरपासून गाडीही बंद." हॅरल्डने खांदे उडवले. "दुर्बिणीतून मोठं दिसतं ना, तर कडेकडेने थोडं जमतं. हे पण जाणार म्हणतात. म्हटलं, आहे तोवर एकदा."

"मग सांगितलं का नाहीस, गाढवा?"

"काय सांगू? आंधळ्याला सवलत द्या म्हणून?" हॅरल्ड म्हणाला. "ते काय आहे ते सांग आधी."

"तांदूळ. माझ्या आईने वाहिलेला. पूजेचा."

"आणि रिकामी केप नाही काढलीस?"

"आई नको म्हणाली."

हॅरल्ड असा हसला की खाण दुमदुमली. पण शशिधरना हसू येईना. आपण काय केलं ते त्यांना आता लख्ख दिसत होतं. ह्या माणसाने एका वाक्यात आपल्याला आत घेतलं, आणि आपण तितक्याच सहज एका वाक्यात त्याला बाहेर बसवलं. त्याच्याच हरणापासून. पडवीत एकट्याने पूजा करणारे बाबा त्यांच्या डोळ्यांसमोर आले.

ते वळले आणि आरतीच्या आवाजात म्हणाले, "माझा बार गेला. फुसका बार तो बारच. पण पुढचा कुणी जिंकेपर्यंत दोर माझा आहे. मी सप्टेंबरात चुकलो. आपला नियम एकच. पुढून भरतो तो आपला. हॅरल्डचा बार बाकी आहे."

नील काहीतरी म्हणणार होता. मग त्यानेही हॅरल्डच्या मानेकडे पाहिलं असावं. त्याने मुकाट्याने दोर शशिधरच्या हातात दिला.

हॅरल्डने पिशवी सोडली. दुर्बीण बसवली, वड्या टाकल्या, गोळी दाबली, रिकामी केप काढायला तो काही विसरला नव्हता. उभा राहिला. शशिधरनी दोर हाताला गुंडाळला. क्षणभर त्यांच्या मनात आलं, जरा सावकाश ओढावं. कुणाला कळणार आहे? पण हॅरल्डला कळलं असतं. चाकांच्या आवाजावरून कळलं असतं. त्यांनी इतरांसाठी ओढलं होतं तितक्याच जोरात ओढलं.

हरीण धावलं. हॅरल्डची मान दुर्बिणीवर वळली, नळी हरणाबरोबर सरकत गेली, सरकत गेली, आणि धडाम! धूर. आणि धुरातून एक लाकडी शिंग गरगरत वर उडालं आणि गवतात पडलं.

शिंगाला गुण नसतात. काळीज हातभर लांब राहिलं होतं. हॅरल्ड बंदूक खाली करून उभा, आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

शशिधर दोर टाकून धावले. "अरे, शिंग तर शिंग! आपण ते चिकटवू..."

"गप रे," हॅरल्ड म्हणाला. "शिंगाचं काय घेऊन बसलास. मला त्याचा डोळा दिसला, शशी. बायको गेली त्या वर्षी नव्याने रंगवला होता मी तो. तपकिरी, वर पांढरा ठिपका. तिच्या डोळ्यात चमकायचा तसा. मी डोळाच बघत राहिलो, म्हणून नेम वर गेला."

मागून रंभाबाई काठी टेकत आल्या. त्यांना इंग्रजीतलं काही कळलं नव्हतं आणि सगळं कळलं होतं. दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून वाटायची, ती इथे कुठली, म्हणून त्यांनी बर्चची पिवळी पानं पदरात गोळा केली होती. त्यातलं एक त्यांनी हॅरल्डच्या तळहातावर ठेवलं, अजून कुंकू लागलेल्या तळहातावर, आणि त्याची मूठ मिटवली.

हॅरल्डने मूठ नाकाशी नेली, वास घेतला. मग मान वळवून, तिरक्या नजरेने त्यांच्याकडे बघत विचारलं, "रंग कुठला आहे?"

"सोन्याचा," शशिधर म्हणाले.